पडद्यावरच्या बाईच्या हातांकडे बघा

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय: "आमच्या बचत गटात महिन्यातून एकदा पिक्चर दाखवायचं ठरलंय. मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं म्हणून नंतर बोलायचं काम माझ्याकडं आलंय. आता तर पिक्चरमधल्या बायका बुलेट चालवतात, नवऱ्याला उलट बोलतात, परदेशी फिरायला जातात. मग स्त्रीवादी नजरेनं बघायचं म्हणजे अजून काय बघायचं? आणि सुरुवात कुठल्या चित्रपटापासून करू?"

ताई, तुमच्या प्रश्नातच एक माप आहे आणि ते आधी बाजूला ठेवावं असं मला वाटतं. नायिका किती जोरात बोलते, काय चालवते, कुणाच्या थोबाडीत मारते यावरून चित्रपट बाईकडे कसा बघतो हे कळत नाही. मी कॉलेजात मराठी शिकवलं, आणि गेली बावीस वर्षं शहापूर, वडगाव, येळ्ळूर, नंदगड अशा ठिकाणी बायकांबरोबर बसून चित्रपट बघते, संपल्यावर त्यांच्याशी बोलते. एवढ्या वर्षांत माझ्याजवळ एक प्रश्न टिकून राहिला. पडद्यावरच्या बाईच्या हाताला काम आहे का, आणि त्या कामाची चित्रपटाला किंमत आहे का?

हा प्रश्न मला वडगावात एका विणकराच्या घरी मिळाला. पुढच्या खोलीत दोन माग, आतल्या खोलीत टीव्ही. मागांचा खडखडाट एवढा की संवाद निम्मे कळायचेच नाहीत. घरातली बाई उंबऱ्याशी बसून कांड्या भरत होती. पडद्यावर नायिका देवघरासमोर बसून रडत होती, बराच वेळ. कांडी बदलता बदलता ही बाई म्हणाली, "ती सारखी रडूलीय. भाकऱ्या कोण थापूलंय?" तिच्या बोटाला सुतानं बारीक चीर पडली होती आणि त्यावर हळद लावलेली होती. घरी आल्यावर मी माझ्या टिपणवह्या काढल्या. पेहराव, संवाद, कॅमेरा, शेवट, सगळ्याच्या नोंदी होत्या. कुणाच्या हातात काय होतं याची एकही नव्हती.

पुस्तकातलं जे आहे ते थोडक्यात सांगते, कारण कुणीतरी तुम्हाला विचारेल. १९७५ साली लॉरा मल्व्ही या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी एक निबंध प्रसिद्ध केला. मुख्य प्रवाहातल्या चित्रपटात बघणारा पुरुष असतो आणि बाई असते ती बघण्यासाठी, कॅमेराही त्याच्याच डोळ्यांनी तिच्याकडं बघतो, असं त्यांनी मांडलं. १९८५ साली अ‍ॅलिसन बेकडेल या अमेरिकन व्यंगचित्रकार बाईंच्या व्यंगचित्रमालेत एक सोपी कसोटी आली. चित्रपटात निदान दोन बायका आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलतात का. दोन्ही गोष्टी उपयोगी आहेत. पण मल्व्हीबाईंचा निबंध बचत गटात समजावून सांगत बसू नका. त्याऐवजी कुठल्याही लोकप्रिय चित्रपटातली नायिकेच्या प्रवेशाची दहा मिनिटं आवाज बंद करून दाखवा आणि विचारा, तिचा चेहरा दिसायच्या आधी काय काय दिसलं? पाय, कंबर, पाठ, केस. नायकाचा प्रवेशही तसाच आवाज बंद करून दाखवा. येळ्ळूरात हा प्रयोग केला तेव्हा एक आजीबाई म्हणाल्या, "तिला तुकड्या-तुकड्यानं आणलं, त्याला अख्खा आणला." यापेक्षा नेमकं मला आजवर सांगता आलेलं नाही.

आता चित्रपटांकडं. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषानं केलं, कारण पडद्यावर यायला बाई मिळेना. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या. मायलेकींनी मिळून उघडलेलं दार आहे हे. मी प्रत्येक गटात हे सांगते, कारण सिनेमात काम करणं हे बाईसाठी आधी काम होतं, रोजगार होता आणि त्यासाठी बदनामी सोसायची तयारी लागत होती. कौतुक फार नंतर आलं.

प्रभात कंपनी १९२९ साली आपल्या शेजारी कोल्हापुरात सुरू झाली आणि पुढं पुण्याला गेली. तिथं १९३७ साली शांतारामबापूंनी 'कुंकू' काढला. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. शांता आपटे यांनी ती अशी केली आहे की आजही मुली खुर्चीत सरसावून बसतात. तिच्या बाजूनं उभी राहते ती त्याच नवऱ्याची मोठी मुलगी, शकुंतला परांजपे यांनी केलेली. सावत्र आई आणि मुलगी एकमेकींशी बोलतात, आणि ते बोलणं अन्यायाबद्दलचं असतं. बेकडेलबाईंच्या जन्माआधीचा चित्रपट आहे हा. तरी शेवटाकडं लक्ष द्या. म्हाताऱ्याला पश्चात्ताप होतो, तो जीव देतो आणि नीरा मोकळी होते. तिची सुटका त्याच्या मोठ्या मनातून येते. ती स्वतः काय करून खाईल, कुठं राहील, हे त्या काळी पडद्याला सुचत नव्हतं.

तुम्ही नक्की भांडणार ती गोष्ट म्हणजे 'माहेरची साडी'. १९९१ चा चित्रपट. शिकलेल्या लोकांनी त्याची खूप थट्टा केली. मी करत नाही आणि तुम्हीही करू देऊ नका. त्या वेळी आमच्याकडं गावोगावच्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून बेळगावला तो बघायला आल्या होत्या. सासू, जावा, नणंदा, सगळ्या एकाच ट्रॉलीत. मीही गेले होते. अंधारात अख्खं थिएटर हुंदके देत होतं आणि माझ्या शेजारची बाई, जिला मी ओळखतही नव्हते, माझा हात धरून बसली होती. घरात तिला रडायला जागा नव्हती. तीन तास तिला कुणी विचारणार नव्हतं की का रडतेस. ही गोष्ट खरी आहे, आणि अलका कुबल यांच्याबद्दल बायकांना जे वाटतं ते याच कारणानं खरं आहे. माझी हरकत वेगळीच आहे. हा चित्रपट सोसण्याला गुण ठरवतो. जी जास्त सोसते ती जास्त चांगली. थिएटरातून बाहेर पडताना सासूही रडत होती आणि सूनही, पण दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्याला कोण जाणार यात काही फरक पडला नव्हता.

त्याच्या शेजारी मी 'दोघी' लावते. १९९५ चा, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. सुमित्राबाई समाजकार्य शिकवायच्या. झोपडपट्टीतल्या एका बाईवर १९८५ साली 'बाई' हा लघुपट केला तिथून त्या चित्रपटात आल्या. 'दोघी'त कोरडवाहू गावातल्या दोन बहिणी आहेत. घर बुडतं तेव्हा थोरलीला मुंबईला पाठवतात. ती देहविक्रीत ढकलली जाते, तिथून पैसे पाठवते, त्यावर घर उभं राहतं. ती परत येते तेव्हा आई तिला तोडून वागते. पैसा चालतो, पैसे मिळवणारी चालत नाही. बाईच्या कामाची किंमत घर कशी वसूल करतं आणि तिचा हिशेब कसा पुसून टाकतं, हे याहून स्वच्छ मी मराठीत पाहिलेलं नाही.

हा चित्रपट आम्ही एकदा एका गावात गणपतीच्या मांडवात दाखवला. थोरली परत येते तिथं मंडळातल्या एकानं प्रोजेक्टर बंद केला. "सणात असलं काय दाखवता, बाई?" मी बोलायच्या आत मागून एक साठीची बाई उठली आणि म्हणाली, "पोरीला दारातच उभी करून बंद केलंस. तिला आत घेती का न्हाई तेवढं तरी बघू दे." प्रोजेक्टर पुन्हा सुरू झाला. ती बाई शेवटपर्यंत उभीच राहिली, बसली नाही. का, ते मी तिला विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं मला पुढं अनेक वर्षं वाटत राहिलं.

आपल्या मातीतला म्हणून 'जोगवा' येणारच. सौंदत्तीची यल्लम्मा आपल्याच जिल्ह्यात. डोंगरावर जाणाऱ्या बैलगाड्या, हळदीचा भंडारा, "उदं गं आई उदं", हे तुम्हाला मी सांगायला नको. कर्नाटकात देवदासी सोडण्यावर बंदी घालणारा कायदा १९८२ साली झाला. चित्रपट २००९ चा. सुली जोगतीण केली जाते, तायप्पाला लुगडं नेसवून जोगता करतात, आणि दोघं एकमेकांत माणूस शोधतात. मला हा चित्रपट मोलाचा वाटतो तो एका कारणासाठी. पुरुषाला लुगडं नेसवलं की गावाची नजर त्याच्याशी कशी वागते, हे तायप्पा झालेल्या उपेंद्र लिमये यांच्या अंगावरून दिसतं. टोमणे, हात लावणं, हसणं, सगळं. बाईला रोज मिळणारी वागणूक पुरुषाच्या वाट्याला आली की पुरुष प्रेक्षक पहिल्यांदा अस्वस्थ होतो. नंदगडला एक तरुण पोरगा मध्येच उठून बाहेर गेला होता, परत आला तेव्हा डोळे लाल होते. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? 'जीव रंगला'. मोबाईलवर, लग्नाच्या व्हिडिओत. गाणं सुंदरच आहे. तरी वाईट वाटतं की ज्या जोगतिणीच्या गोष्टीत ते आलं ती मागं राहिली. म्हणून हा चित्रपट दाखवला तर गाण्यानंतर दोन मिनिटं थांबवून विचारा: देवीला सोडलेल्या मुलीची कमाई कोण खातं? आपल्या भागात या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या बाया अजून आहेत. त्यांना लाज वाटेल असं बोलणं तुमच्या गटात होऊ देऊ नका.

आता तुमची बुलेट. 'सैराट', २०१६. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, विहिरीत उडी मारते, आणि मुली शिट्ट्या वाजवतात. मला तो आनंद हवाच आहे. पण त्या बुलेटच्या मागं पाटलाचं घर, जमीन आणि जात आहे हे नागराज मंजुळे यांनी लपवलेलं नाही. मासेमारी करणाऱ्या घरातल्या परश्याच्या बहिणीला गावात तशी बुलेट फिरवता आली असती का? हा प्रश्न विचारला की खोली गप्प होते. होऊ दे.

चित्रपटाचा दुसरा भाग संथ आहे, असं मला बऱ्याच पुरुषांनी सांगितलं. बायका उलट म्हणतात, दुसरा भाग आमचा. हैदराबादची खोली, कोंदट वस्ती, कळत नसलेली तेलुगू. पाटलाची लेक बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते आणि हळूहळू भाषा शिकते. आपल्याकडं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लग्न होऊन सीमेच्या अलीकडं आलेली कोल्हापूर-चंदगडची लेक इथं बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात कानडी शिकते ती अशीच, कामातून. आर्चीचं काम करणाऱ्या रिंकू राजगुरू यांनीच पुढच्या वर्षी 'मनसु मल्लिगे' या कन्नड रूपांतरात तीच भूमिका केली. आमच्या एका विद्यार्थिनीनं दोन्ही पाहिले आणि म्हणाली, मराठीत ती माझी मैत्रीण वाटली, कन्नडमध्ये माझ्या शेजारणीची मुलगी. दोन भाषांच्या मधे राहणाऱ्या मुलीलाच असं सुचू शकतं.

आणि मग ती थप्पड. संशय येतो तेव्हा परश्या, तो गोड, कविता करणारा परश्या, आर्चीवर हात उचलतो. ती निघून जाते, पुन्हा परत येते. पहिल्यांदा मी हे गटात दाखवलं तेव्हा त्या थपडेबद्दल एकही बाई बोलली नाही. पाऊण तास चर्चा झाली. जात, आई-बाप, शेवट, सगळ्यावर झाली. घरी जाताना एकीनं गेटपाशी हळूच विचारलं, "मारलं तरी चांगलाच म्हणायचा का त्याला?" तेव्हापासून मी चर्चा तिथूनच सुरू करते. चित्रपटानं ती थपड दाखवली आणि तिला प्रेमाचा भाग म्हणून सजवलं नाही, हे माझ्या लेखी त्या बुलेटपेक्षा मोठं आहे. अलीकडच्या अनेक गाजलेल्या हिंदी चित्रपटांत नायकाचा राग आणि मारझोड हीच त्याच्या प्रेमाची खूण म्हणून विकली जाते. त्यांच्यातल्या नायिका डॉक्टर असोत की शिकलेल्या, मला फरक पडत नाही. त्यांच्या शिक्षणाला कथेत काहीच काम नसतं.

'बाईपण भारी देवा' २०२३ मध्ये आला तेव्हा बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून थिएटरला गेल्या. सहा बहिणी, सगळ्या वयानं मोठ्या, आणि त्यांचं आपसातलं बोलणं. बेकडेलची कसोटी तो सहज पार करतो. रजोनिवृत्तीबद्दल एका लोकप्रिय मराठी चित्रपटात मोकळेपणानं बोललं गेलं याचा मला मनापासून आनंद आहे. फक्त मंगळागौर ही सगळ्या मराठी बायकांची नाही, हे लक्षात ठेवा. आपल्या शेतावर जाणाऱ्या बायकांची पंचमी असते, झोका असतो, फुगडी असते. चित्रपट 'बाई' म्हणतो तेव्हा कुठल्या घरातली बाई म्हणतो, हे विचारायची सवय लावा.

'उंबरठा'बद्दल एवढंच सांगते. १९८२ चा, जब्बार पटेल यांचा, स्मिता पाटील यांची सुलभा. आपली लहान मुलगी घरी ठेवून ती महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. गटात याच्यावर सगळ्यात जास्त राग निघतो आणि तो नवऱ्यावर निघत नाही, त्याचं तर दुसऱ्या बाईशी जमलेलं असतं. राग निघतो सुलभावर. "पोरीला टाकून गेली." हा राग निघू द्या. एक-दोन बैठकांनंतर कुणीतरी स्वतःहून म्हणेल की मुंबईला, गोव्याला कामाला जाणारे आपले नवरेही पोरं ठेवूनच जातात. ते वाक्य तुम्ही म्हणू नका. गटातून येईपर्यंत थांबा.

आणि शेवटी निपाणी. १९८२ सालीच 'तंबाखू चाकीला ऊब आली' नावाचा एक माहितीपट झाला, अर्ध्या तासाच्याही आतला. दीपा धनराज आणि त्यांच्या सोबत्यांच्या 'युगांतर' या बंगळुरूच्या गटानं तो केला, मराठीतून. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका, त्यांनी बांधलेली संघटना, मालकांपुढं उभं राहणं, आणि ते सांगणाऱ्या त्या स्वतःच. नट्या नाहीत. लोकप्रिय चित्रपट नव्हे हा, तिकीट काढून कुणी पाहिला नाही. तरी मी तो दाखवते, कारण त्या वर्षी मराठी पडद्यावर मध्यमवर्गीय सुलभा उंबरा ओलांडत होती आणि आपल्या जिल्ह्यात शेकडो बायका आधीच वखारीबाहेर उभ्या होत्या. लोकप्रिय मराठी चित्रपटात मला अशी वखार कधी दिसली नाही. विडी वळणारी बाई दिसली तर दारात, एका क्षणापुरती, नायकाची गरिबी दाखवायला. मांडीवरचं सूप, पानाची कापणी, दोऱ्याची गाठ, दिवसाला हजार विड्या वळताना पाठीला येणारा बाक, यावर कॅमेरा थांबत नाही. कुस्तीवर थांबतो. शर्यतीच्या बैलावर थांबतो. निपाणीजवळच्या एका गावात मी हा माहितीपट दाखवला तेव्हा एक म्हातारी पडद्याजवळ जाऊन उभी राहिली आणि बोटानं दाखवत सांगू लागली, "ही अशी धूळ. नाकात, जेवणात, पोराच्या दुधात." पडद्यावर आपलं काम दिसल्याचा तो चेहरा मी दुसऱ्या कुठल्याही चित्रपटाला पाहिलेला नाही.

तर सुरुवात 'दोघी'नं करू नका, तो जड जाईल. 'माहेरची साडी'नं करा. सगळ्यांना येतो, सासवाही येतील. पुढच्या महिन्यात 'सैराट' दाखवा. मग शेवटाकडं आल्यावर एक गोष्ट नक्की विचारा. आर्ची आईला फोन करते आणि त्यानंतर भाऊ माहेरचा आहेर घेऊन दारात येतो. १९९१ मध्ये ज्या माहेराच्या साडीसाठी अख्खं थिएटर रडलं, तो आहेर पंचवीस वर्षांनी काय घेऊन आला? आईनं तो कुठल्या भरवशावर पाठवला असेल? यावर आमच्याकडं एकदा रात्री साडेअकरापर्यंत बायका बोलत बसल्या होत्या. तिसऱ्या महिन्यात 'दोघी'.

काही व्यवहाराच्या गोष्टी. चित्रपट दुपारी दोन ते पाच ठेवा, पाण्याची वेळ टाळून. अर्ध्यातनं उठणाऱ्या बाईला अडवू नका, तिला जनावरांचं बघायचं असतं. लहान पोरं येणारच, त्यांच्यासाठी मागं सतरंजी टाका. पुरुषांना यायचं असेल तर येऊ द्या, पण पहिला अर्धा तास बायकाच बोलतील हे आधी सांगा. प्रश्न विचारताना "तुम्हाला कसा वाटला?" असं विचारलं की "छान" एवढंच उत्तर येतं. "तिच्या हातात काय होतं?" असं विचारा.

आणि चहा मध्यंतरात ठेवू नका. मी पहिली तीन वर्षं ही चूक केली. दर वेळी त्याच दोघी उठायच्या, आत जाऊन स्टोव्ह पेटवायच्या, आणि दुसऱ्या भागाची निम्मी गोष्ट त्यांना मागाहून इतरांकडून कळायची. आता आम्ही चित्रपट संपल्यावर पातेलं वर ठेवतो, तेही सगळ्या बसलेल्या असतात त्याच खोलीत, म्हणजे आलं किसणारीलाही बोलता येतं.